पानं टाकणारे गुरुजी

गुरुजी आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना चहा दिला. त्यांनी एक घोट घेतला, उठले, दाराबाहेर गेले आणि उरलेला सगळा चहा जास्वंदीच्या बुडाशी ओतून परत येऊन बसले. रिकामा कप माझ्या हातात देत म्हणाले, "बाई, पुन्हा टाका. घाई न्हाई आपल्याला." मी त्या शाळेत नवीन होते आणि माझ्या चहाला तोवर कुणी नावं ठेवली नव्हती. मी नवऱ्याकडे बघितलं तर तो फरशीकडे बघत होता. रागानं माझे कान तापले, पण शेजारचं घर, शिवाय शाळेतले वरिष्ठ, म्हणून मुकाट्यानं दुसरा चहा टाकला. तो त्यांनी मिटक्या मारत प्यायला. पहिल्या चहात काय कमी होतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मी आंबेगाव तालुक्यातली, पारगावच्या बाजूची. नोकरी लागली ती जुन्नर तालुक्यात, पिंपळवंडीपासून बोरीपर्यंतच्या उसाच्या पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला सणावाराला भाजी पाठवतात. एकाच मालकाच्या ओळीनं बांधलेल्या खोल्या होत्या. एका खोलीत आम्ही, शेजारी गुरुजी, वहिनी आणि त्यांचा मुलगा पिंट्या. आमची सोनी आणि पिंट्या एकाच वयाचे, चार-दोन महिन्यांचं अंतर. गुरुजींकडे कायम चौथीचा वर्ग असे आणि माझ्याकडे दुसरीचा. मधे एक पातळ भिंत.

चहाचा धक्का ओसरेपर्यंत मला कळलं होतं की हे फक्त माझ्याच चहाचं नव्हतं. बाजारात ते टोमॅटोच्या ढिगातले दोन हातात घेऊन दाबत आणि पुढं निघून जात; बाकीचा ढीग कितीही चांगला असला तरी परत वळत नसत. कीर्तनाला जात आणि बुवांनी पहिला सूर लावला की उठून चपला शोधायला लागत. एकदा माझ्या नवऱ्याच्याच गाडीत चढले. माझा नवरा एसटीत कंडक्टर. गुरुजींनी तिकीट काढलं, खिडकीशी बसले. गाडी सुटली, ड्रायव्हरनं दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला, आणि गुरुजी उभे राहिले.

"थांबवा गाडी."

"का हो, काय विसरलं का?"

"न्हाई. ह्या डायवरचं आज घरी कायतरी झालंय. मी चालत येतो."

आणि खरंच उतरले. गाडी वेळेवर आणि सुखरूप पोचली. गुरुजी बऱ्याच वेळानं उन्हातून घामाघूम होऊन आले, तोवर नवरा अंगणात त्यांची वाटच बघत बसला होता. त्यानं पोटभर टोमणे मारून घेतले. गुरुजी तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, "पोचली ते बरंच झालं, राव. पण पोचली म्हणून मी चुकलो असं व्हत न्हाई." मला तर तेव्हा वाटलं की माणूस सरळ सरळ येडा आहे.

मग पत्ते आले. गुरुजींचा धाकटा भाऊ मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला होता. तो रजेवर आला तेव्हा येताना प्लास्टिकच्या पत्त्यांचा एक कॅट आणि एक नवा खेळ घेऊन आला. बोटीवरच्या कुठल्या कुठल्या देशांच्या खलाशांकडून शिकला होता. त्याचं खरं नाव टेक्सास होल्डेम. आमच्या ओळीत त्याचं नाव पडलं दोन पानी. प्रत्येकाला दोन पानं, ती ज्याची त्यानं बघायची. मग पाटावर आधी तीन, नंतर एक, मग आणखी एक अशी पाच पानं सगळ्यांसमोर उघडायची. स्वतःची दोन आणि पाटावरची पाच, त्यातून ज्याची पाच पानं सगळ्यांत भारी त्याचा डाव. दर डावाला एक चिंचोका पाटावर ठेवायचाच, आणि पुढं पान आवडलं तर आणखी लावत जायचं. नाही आवडलं तर पानं टाकून गप बसायचं. पैसे लावायचे नाहीत ही वहिनींची अट होती आणि ती गुरुजींनी एका शब्दानं मान्य केली. रविवारी दुपारची जेवणं झाली की गुरुजी, वहिनी, माझा नवरा आणि मी असे चौघं त्यांच्या ओटीवर बसायचो. दोन बायका पत्ते कुटतात म्हणून सुरुवातीला गावात कुजबुज झाली, पण गुरुजींच्या ओटीवर होतंय म्हटल्यावर ती आपोआप विझली.

वहिनींना चित्रं आवडायची. राजा दिसला, राणी दिसली की त्या खेळणारच. पानं उचलून आधी कपाळाला लावत. माझा नवरा तीन पत्तीवर वाढलेला, त्याला एक पान कमी मिळाल्याचं दुःख शेवटपर्यंत होतं आणि त्याचा राग म्हणून तो सगळेच डाव खेळायचा. मी भित्री. आणि गुरुजी अंगठ्यानं पानांचं टोक जरा वर करून एकदाच बघायचे, आणि पानं टाकायचे. पुन्हा वाटली की पुन्हा बघून टाकायचे. कधी कधी अख्खी दुपार असं चालायचं.

"गुरुजी, खेळायला बसलाय का राखणीला?" नवरा वैतागून विचारायचा.

"ह्योच खेळ हाये," गुरुजी म्हणायचे. "पुढची पाच पानं कुनाच्या हातात नसत्यात. ही दोन घ्यायची का न्हाई, एवढंच आपल्या हातात."

त्यांना एकदा बोलतं केलं की मग ऐकत राहावं. एक्क्यावर त्यांचा विशेष राग. "एक्का आला की मानूस आंधळं व्हतं. एक्का एकटा काय कामाचा? त्याच्या संगं कोन आलंय ते बघा. एक्का-सत्ती म्हंजे एक खिलारी बैल आन् एक लंगडा. औत वाकडंच जानार." वेगवेगळ्या रंगांचे राजा आणि गुलाम आले की म्हणायचे, लग्नातलं जेवण, दिसायला भारी आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून बसा. बारकी जोडी स्वस्तात पुढची पानं दाखवत असेल तर बघावी, कुणी चिंचोके वाढवले की सोडावी. आपली बोलायची पाळी शेवटची असेल तर जरा हलकं पानही चालतं, कारण तोवर बाकीच्यांचं काय आहे ते कळलेलं असतं. आणि सत्ती-दुर्री हे त्यांचं लाडकं पान. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "इचारच करावा लागत न्हाई, बाई. उचलायचं आन् टाकायचं. डोक्याला आराम."

एका रविवारी मी चिंचोके वाढवले आणि गुरुजींनी पानं टाकली. माझ्या नवऱ्याला राहवलं नाही, त्यानं ती उलटी केली. एक्का आणि राणी, दोन्ही बदाम. नवऱ्याचे डोळे पांढरे झाले. "अहो, असं पान तर मी महिन्यात बघितलं न्हाई!"

"बाई कधी बोलत्यात का?" गुरुजी शांतपणे म्हणाले. "आज बोलल्या. म्हंजे त्यांच्याकडं राजाची जोडी असनार."

माझ्याकडे राजाचीच जोडी होती. मी पानं छातीशी धरून बसले, उघड्यावर पकडल्यासारखं झालं मला. त्या दिवसापासून गुरुजी समोर असले की मी पदर सावरून बसायला लागले, खरं सांगते.

इथपर्यंत हे सगळं गमतीचं होतं. आता शाळेचं सांगते, कारण त्यांचा खरा खेळ तिथं चालायचा.

आमच्या भागात तेव्हा चौथीची शिष्यवृत्ती परीक्षा म्हणजे गावाच्या अब्रूचा प्रश्न असायचा. कुणाच्या गावची किती पोरं लागली यावर जत्रेत भांडणं व्हायची. जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीत पोर आलं तर त्याची ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघायची. त्यासाठी वर्गातली काही पोरं निवडून त्यांचा वेगळा वर्ग घ्यायचा ही पद्धत सगळीकडे होती, आणि निवडण्यात आमच्या गुरुजींचा हात धरणारा कुणी नव्हता. वर्गात चाळीसेक पोरं. त्यातली सात-आठ ते घ्यायचे आणि ती बहुतेक सगळी लागायची.

पत्ते आल्यानंतरच्या जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी ते वर्गाच्या दारात उभे राहून, नाकातून शेंबूड गळणाऱ्या त्या पोरांकडे बघत मला म्हणाले, "चला बाई, पानं वाटून झाली." लेकरांना कुणी पानं म्हणतं का? पण त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

त्यांचा हिशेब सरळ होता. पोरगं हे एक पान आणि घर हे दुसरं. दोन्ही बघायची. आषाढात ते एकेका घरी चहाला जायचे. बसायचे ओट्यावर, बोलायचे पावसापाण्याचं, आणि बघायचे. पोरानं दप्तर उघडल्यावर आई त्याला शेरडामागं पिटाळते का. बाप सांगितलेलं ऐकतो की मधेच तोडतो. पोरगं चुकलं की पुन्हा विचारतं का, की खाली बघतं. हुशार पोर असेल पण कांद्याच्या लागणीला घरी राहणार असेल तर ते एक्का-सत्ती. साधंच पोर, पण आई चिवट, ती मधली जोडी, आणि ती त्यांना फार प्रिय. एका वर्षी सरपंचांचा नातू त्यांनी सोडून दिला. सरपंच स्वतः शाळेत आले, आवाज चढवला. गुरुजी म्हणाले, "पोरगं झ्याक हाये. पण तुमच्या घरात रोज पंगत उठती, त्ये बसंल कुठं?" सरपंच तसेच माघारी गेले. मला भीती वाटली होती की आता गुरुजींची बदली पार भीमाशंकरच्या डोंगरात होणार. तसं काही झालं नाही.

न घेतलेल्या पोरांना ते कधी टाकून बोलत नसत, हेही सांगायला हवं. त्यांच्याशी खेळत, गोष्टी सांगत. उलट त्यांचाच तास जास्त हसरा असायचा.

मग सोनी आणि पिंट्या चौथीत गेले.

वहिनींनी पिंट्यासाठी आधीच नवं दप्तर आणून ठेवलं होतं. बाप शिष्यवृत्तीचा राजा, तेव्हा लेक पहिला असणारच, असं त्याच काय, सगळं गाव धरून चाललं होतं. दोन पोरं एकाच बस्करपट्टीवर बसायची. एक दिवस भिंतीपलीकडून गुरुजींचा आवाज आला, नावं वाचत होते. पहिलं नाव सोनीचं. माझ्या हातातला खडू तिथंच थांबला आणि, लपवत नाही, आनंदानं माझे डोळे भरून आले. मग दुसरं नाव, तिसरं, असं करत यादी संपली. पिंट्याचं नाव आलं नाही. मला वाटलं, मी ऐकलं नसेल. मधल्या सुट्टीत सोनीला विचारलं तर ती म्हणाली, "पिंट्याला नाही घेतलं. गुरुजी म्हणले तू घरी जायचं साडेपाचला."

त्या संध्याकाळी वहिनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. रडत नव्हत्या, त्यांचा चेहरा नुसता लाल झाला होता.

"बाई, तुमी इचारा त्यांना. आमचं लेकरू ठोंब्या हाये का?"

"तुम्ही विचारलंत का?"

"इचारलं. म्हनले, पान बघितलं, टाकलं." वहिनींनी हातातली परात खाली आपटली. "स्वतःच्या पोराला कोन असं म्हनतं, बाई? मला काय वाटलं आसंल? त्या पत्त्यांना काडी लावीन मी."

दुसऱ्या दिवशी मी व्हरांड्यात गुरुजींना गाठलं. म्हटलं, गुरुजी, घर तर तुमचंच आहे, मग वाईट ते काय, पोरगं? ते ध्वजाच्या खांबाकडे वळले. मग म्हणाले, "तुमची पोर घेतली न्हवं, बाई? मंग झालं." माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. इतका कोरडा बाप मी पाहिला नव्हता. त्यानंतर वहिनींनी पत्ते खेळणं बंद केलं आणि तिघांचा खेळ रंगेना, म्हणून आमचे रविवार संपले.

दिवाळीनंतर तो वर्ग खऱ्या अर्थानं सुरू झाला. पहाटेच्या अंधारात पोरं यायची आणि दिवेलागणीनंतर जायची. जानेवारीत तर वळकट्या घेऊन शाळेतच मुक्कामाला राहिली, हीसुद्धा तेव्हाची पद्धतच होती. एक प्रश्न चुकला की एक छडी, दोन चुकले की दोन. ओटीवर शांतपणे पानं टाकणारा तो माणूस भिंतीपलीकडे वेगळाच ऐकू यायचा. मी दुसरीच्या पोरांना पाढे म्हणायला लावायची, मोठ्यानं, म्हणजे ते ऐकू येणार नाही. सोनी आंघोळ करताना गणितं पुटपुटायची. तिच्या डोक्यावर मागच्या बाजूला केस जाऊन रुपयाएवढा चट्टा पडला. मी खोबरेल लावत राहिले. सगळ्याच घरांतून काही ना काही होत होतं आणि परीक्षेपुरतं आहे, असंच असतं, असं आम्ही एकमेकींना सांगत होतो.

पिंट्या मात्र साडेपाचला सुटायचा. विहिरीत पोहायचा, कुणाच्या तरी शेळ्या हाकायचा, चिंचा पाडायचा. ओल्या केसांनी वर्गाच्या खिडकीशी येऊन तोंड वेंगाडायचा आणि ओरडायचा, "सोने, चिंचा आनल्यात!" आतून गुरुजी खिडकी लावून घ्यायचे. मला त्या पोराची कणव यायची. मी त्याला बोलवून लाडू द्यायची. बापानं टाकलेलं पोर, असं मनात यायचं.

सोनी जिल्ह्याच्या यादीत आली. ट्रॅक्टरवर गुलालात माखलेली माझी पोर मला ओळखू येईना. वहिनी आरतीचं ताट घेऊन पुढं आल्या, त्यांनी तिला ओवाळलं. ट्रॅक्टरपुढं सगळ्यांत जास्त कोण नाचला असेल तर पिंट्या. आणि गुरुजींच्या गळ्यात हार घातला तेव्हा ते म्हणाले, डोकं दुखतंय, आणि घरी निघून गेले. लोकांना त्यांच्या तऱ्हा माहीत होत्या, कुणी मनावर घेतलं नाही.

पुढं आमची बदली आंबेगावात झाली. भेटी लग्नकार्यापुरत्या उरल्या. गुरुजी निवृत्त झाले आणि त्याच गावात घर बांधून राहिले. पिंट्या दहावीपर्यंत शिकला आणि टोमॅटोच्या व्यापारात पडला. स्वतःची पिकअप, गडगडाटी हसणं, कुणाचं अडलंनडलं असेल तिथं हजर. सोनी इंजिनिअर झाली, पुण्यात एका कंपनीत लागली. सगळे म्हणायचे, नशीब काढलं. ती पहाटे चारला दचकून उठून अंथरुणात बसते, एकटं बाहेर जेवायला गेली तर काय मागवावं हे तिला ठरवता येत नाही, साहेबानं दिलेली बढती तिनं दोनदा परत केली, हे फक्त मला ठाऊक होतं. तिला बघायला एक चांगला मुलगा आला होता. महिना झाला तरी ती हो म्हणेना आणि नकोही म्हणेना. विचारलं की म्हणायची, तू सांग. म्हणून तिला जरा बदल व्हावा म्हटलं आणि एका रविवारी आम्ही तिघं गुरुजींकडे गेलो.

जेवणं झाली. बाहेर पिंट्या गाडीत क्रेट भरत होता. वहिनींनीच कपाटातून पत्ते काढले, कधीच्या काळचा राग विसरल्यासारख्या हसत म्हणाल्या, "आज सोनीला शिकवू." चिंचोके डब्यात अजून होते. सोनी पटकन शिकली, शिकणारच. पानं वाटली की ती टोक उचलून बघायची, पुन्हा बघायची, आणि टाकायची. गुरुजी खूश झाले. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "बघा राव, ह्याला म्हनत्यात खेळ. तुमाला इतक्या वर्सांत जमलं न्हाई."

डाव होत राहिले आणि सोनी टाकत राहिली. तिच्यापुढचे चिंचोके एकेक करून पाटावर जात होते. मग गुरुजी हसायचे थांबले. ते आता पानांकडे नाही, सोनीकडे बघत होते. शेवटी तिनं आणखी एकदा दोन पानं टाकली आणि वहिनींनी सहज ती उलटी केली. इस्पिकचा एक्का. किलवरचा एक्का.

"अगं सोने," वहिनी हबकल्याच, "एक्क्याची जोडी टाकलीस?"

"चुकलं असतं तर?" सोनी म्हणाली.

माझा नवरा हसायला लागला आणि तिचा चेहरा बघून गप्प झाला. गुरुजी म्हणाले, "ह्याच्यात काय चुकायचं, बाळा? ह्याच्या वर दुसरं पान न्हाई."

"पाच पानं अजून उघडायची होती ना. त्यात काहीही येऊ शकतं." ती ताठ बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली घालून, चौथीत बसायची तशी.

गुरुजींनी स्वतःची पानं खाली ठेवली. मग ते कुणाकडेच न बघता म्हणाले, "पिंट्या हुशार व्हता."

वहिनींनी मान वर केली.

"सोनीपेक्षा काकनभर जास्तच. पयलीपास्नं ठावं व्हतं मला."

"मंग?" वहिनींनी विचारलं.

"मंग काय. त्या वर्गात मी काय करतो ते मला ठावं व्हतं. पोरांचं काय व्हतं ते बी. दर साली बघत व्हतो की. स्वतःचं लेकरू कोन बसवंल तिथं?"

इतकी वर्षं मी ह्या माणसाला कोरडा बाप म्हणत आले होते. पिंट्यासाठी लाडू करत होते. आणि ह्यानं आपलं पोर तेवढं अलगद बाजूला काढून ठेवलं होतं, विहिरीवर, चिंचेखाली, आणि माझं आत बसवून खिडकी लावून घेतली होती.

"आन् माझी?" मी म्हटलं. "माझी बसवता आली तुम्हाला?"

"तुमची पोर," ते म्हणाले, आणि मी शपथेवर सांगते, एवढं होऊनही त्यांच्या डोळ्यांत क्षणभर कौतुक आलं, "लई भारी पान व्हतं, बाई. पोर बी, घर बी. असं पान माझ्या हाताला परत आलं न्हाई."

वहिनी बोलल्या, अगदी हळू. "मी माझ्या लेकराला मठ्ठ समजून वागवलं. उठता-बसता बोलले त्याला. मला तरी सांगायचं."

"सांगितलं आसतं तर तूच त्याला आनून बसवला आसता."

ते खरं होतं.

सोनीनं मांड्यांखालचे हात काढले. "गुरुजी, तेव्हा मी नाही म्हटलं असतं तर?"

गुरुजींची मान खाली गेली. "तुला इचारलं कोनी व्हतं, बाळा?"

मी तिच्याकडे बघू शकले नाही. आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं. ह्या माणसानं नाही, मी नाही, गुलाल उधळणाऱ्या गावानं नाही.

"मग आता विचारा," सोनी म्हणाली.

गुरुजींनी पाटावरची पानं गोळा केली. दोनदा पानं सांडली. पिसून त्यांनी फक्त तिच्यापुढं दोन पानं ठेवली आणि विचारलं, "खेळतीस का, सोने?"

तिनं पानांना हात लावला नाही. "नाही," म्हणाली. "आणि आई, त्या मुलालाही नाही कळव. मला तो नाही आवडला." मग चपला घालून बाहेर गेली आणि पिंट्याला क्रेटचं दुसरं टोक धरू लागली.

गुरुजी रडायला लागले. म्हाताऱ्या माणसाचं ते हुंदके देणं मला ऐकवत नव्हतं, आणि वहिनी माझ्याकडे आशेनं बघत होत्या, पण मी गुरुजींना उगी केलं नाही.